हरणांच्या कळपातला छुपा क्षय : तो पकडायचा कसा, रोखायचा कसा

जनावरांच्या धंद्यात मुरलेला माणूस नजरेवर चालतो. डोळ्यांची चमक, नाकपुडीचा ओलावा, पाठीचा भराव आणि चाल पाहून आमचे जुने जाणकार जनावराची तब्येत आणि किंमत दोन्ही सांगून मोकळे होतात. बाजारात ही नजर मोठे भांडवल आहे, यात शंका नाही. परंतु काही रोग या नजरेलाही चकवतात. गुरांचा क्षय, म्हणजेच जनावरांचा टी.बी., हा त्यांपैकी एक. आणि हा रोग पाळीव हरणांत शिरला तेव्हा त्याने भल्याभल्यांना कसे चकवले, व शेवटी त्याला कसे आवरण्यात आले, याची हकिकत न्यूझीलंडमध्ये घडली आहे. ती आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

कोणी विचारील, हरणांशी आपला काय संबंध? संबंध सरळ नाही, हे खरे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणे पाळून त्यांच्या मांसाचा, कातडीचा वा शिंगांचा व्यापार करता येत नाही आणि कोणी करूही नये. परंतु जो जंतू न्यूझीलंडच्या हरणांत शिरला तोच गायी-म्हशींतही आढळतो. आणि तो पकडण्यात तिथे पशुवैद्याइतकाच वाटा कत्तलखान्याच्या टेबलाचा होता. मांस, चामडे आणि दूध यांच्या धंद्यात असलेल्या आमच्या बांधवांना ही गोष्ट जवळची वाटेल ती यामुळेच.

रानातले हरिण गोठ्यात कसे आले

हरिण हा न्यूझीलंडचा मूळ प्राणी नव्हे. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी इंग्रज वसाहतवाल्यांनी तांबडी हरणे तिथे नेऊन सोडली. त्यांना खाणारे एकही हिंस्र जनावर तिथे नसल्याने ती इतकी वाढली की जंगले उजाड होऊ लागली आणि १९३० नंतर सरकारलाच नेमबाज ठेवून ती मारावी लागली. पुढे या हरणांच्या मांसाला युरोपात, विशेषतः जर्मनीत, गिऱ्हाईक मिळाले. वसंत ऋतूत नराच्या डोक्यावर येणारी मखमली कोवळी शिंगे कापून वाळवली की त्यांना कोरिया आणि चीनमध्ये औषधासाठी मागणी येऊ लागली. ज्याला काल उपद्रव म्हणत होते, त्यात आज पैसा दिसू लागला.

१९७० च्या सुमारास हरिणपालनाचे परवाने मिळू लागले. पाळण्यासाठी हरणे आणायची कुठून? रानातूनच. हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून जिवंत हरणे पकडली गेली, ट्रकांत घातली गेली आणि चढ्या भावाने या टोकापासून त्या टोकापर्यंत विकली गेली. धंदा तेजीत होता. प्रत्येक जनावराची घाईने देवघेव होत होती. त्या घाईत जनावर कोणत्या डोंगरातून आले, कोणाकोणाच्या कळपात राहिले, याची नोंद ठेवण्यास सवड कोणाला होती? १९७८ मध्ये पाळीव हरणांत क्षय आढळला, तेव्हा या बेहिशेबी देवघेवीची किंमत कळली.

रोगाची ओळख

हा रोग ज्या जंतूने होतो त्याला मायकोबॅक्टेरियम बोव्हिस म्हणतात. माणसाच्या नेहमीच्या क्षयाच्या जंतूचा हा सख्खा भाऊच. श्वासातून, लाळेतून, गळूच्या पुवातून, दूषित चाऱ्यातून तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. त्याची वाढ फार सावकाश होते आणि इथेच खरी अडचण आहे. संसर्ग झालेले हरिण महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, खाते-पिते, वजन धरते, पाडस देते. खोकला, रोडपणा ही चिन्हे दिसली तर शेवटी शेवटी दिसतात. तोवर त्याने आसपासच्या किती जनावरांना प्रसाद वाटला असेल, याचा अंदाज करावा.

हरणांत हा रोग बहुधा घशामागच्या गाठींत ठाण मांडतो. या गाठी म्हणजे शरीराच्या चौक्या. आत शिरलेला जंतू तिथे अडवला जातो. गुरांत या गाठी पुष्कळदा घट्ट, चुनखडीसारख्या होतात. हरणांत मात्र त्या पुवाने भरलेल्या साध्या गळवासारख्या दिसतात. काटा लागून झालेले गळू कोणते आणि क्षयाचे कोणते, हे कापून पाहिले तरी नुसत्या डोळ्यांनी नक्की सांगता येत नाही. कधी हे गळू मानेपाशी बाहेर फुटते आणि त्यातून जंतू कुरणावर सांडत राहतात.

हरिण हा मुळात भित्रा प्राणी आहे. दाटीवाटी, लांबचा प्रवास, कडाक्याची थंडी, चाऱ्याची टंचाई यांचा त्याच्यावर ताण पडतो आणि ताण पडला की प्रतिकारशक्ती उतरते. म्हणून आतापर्यंत दबून राहिलेला रोग अशा वेळी उसळतो. कळपात एकदा अशी उसळी आली की थोड्या अवधीत बरीच जनावरे लागतात.

पॉसम : फरच्या लोभाने आणलेले संकट

न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांनी रोगी जनावरे वेचून मारली, कुंपणे घातली, तरी काही भागांत रोग पुन्हा पुन्हा उगवत राहिला. कारण तो कुंपणाबाहेर बसला होता. पॉसम नावाचा मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा, झाडावर राहणारा प्राणी आहे. ऑस्ट्रेलियाच्या या प्राण्याला एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमध्ये मुद्दाम आणले गेले ते त्याच्या कातडीसाठी. फरचा व्यापार उभा करावा, एवढाच हेतू होता. व्यापार झाला तो झाला, पॉसम मात्र देशभर पसरला. १९६७ मध्ये दक्षिण बेटाच्या पश्चिम किनारपट्टीवर क्षयाने ग्रासलेला पहिला पॉसम सापडला. हळूहळू स्पष्ट झाले की या प्राण्यात रोग स्वतःच्या बळावर टिकून राहतो आणि तिथून गुरांत व हरणांत उतरतो.

तो उतरतो कसा, तेही समजून घेण्यासारखे आहे. निरोगी पॉसम रात्री फिरतो आणि जनावरांपासून दूर राहतो. परंतु क्षयाने मरायला टेकलेला पॉसम भर दिवसा उघड्या कुरणात झोकांड्या खात येतो. १९९० च्या दशकात संशोधकांनी पॉसमना गुंगीचे औषध देऊन कुरणात सोडले आणि लांबून पाहिले. गुरे आणि हरणे कुतूहलाने गोळा झाली. हरणे तर पुढे होऊन हुंगू लागली, चाटू लागली. जो प्राणी माणसाच्या चाहुलीने पळतो, तोच या मरणाऱ्या पाहुण्याजवळ नाक नेतो. एवढ्याने काम भागते.

पहिली परीक्षा : कातडीवर

जिवंत हरणात क्षय शोधण्याची मुख्य परीक्षा कातडीची. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला आणि १८९० मध्ये त्या जंतूंपासून ट्युबरक्युलिन नावाचा अर्क काढला. औषध म्हणून तो अर्क साफ फसला. परंतु ज्याच्या शरीरात जंतू आहे त्याच्या कातडीत टोचले तर तिथे सूज येते, हे लक्षात आले आणि परीक्षा म्हणून तो आजतागायत टिकला आहे.

हरणाच्या मानेच्या मधल्या भागावरचे केस कापून जागा मोकळी करतात. मग बारीक सुईने अर्काचा अगदी थोडा भाग, एका मिलिलिटरचा दहावा हिस्सा, कातडीच्या आत टोचतात. तो कातडीखाली गेला तर परीक्षा फुकट जाते, म्हणून हात सराईत लागतो. ७२ तासांनी ती जागा पाहून, चाचपून, मोजून सूज आली की नाही ठरवतात. न्यूझीलंडमध्ये गाईंना शेपटीच्या मुळाशी टोचण्याची पद्धत आहे. हरणांत मानेची जागा अधिक भरवशाची ठरली.

ऐकायला सोपे असले तरी हे काम सोपे नाही. एकच कळप तीन दिवसांत दोनदा कोंडवाड्यात घ्यावा लागतो. उंच भिंतींच्या, अंधाऱ्या, आवाज न होणाऱ्या शेडमधून हरणे एकेक करून पुढे न्यावी लागतात. धावपळ झाली तर हरणे कुंपणावर आदळून पाय मोडून घेतात. अती भीतीने आणि श्रमाने त्यांचे स्नायू निकामी होऊन ती दगावतातही. शिवाय एकदा टोचल्यावर कातडीची संवेदना काही काळ मंदावते, म्हणून पुढची परीक्षा सुमारे ९० दिवस थांबून घेतात.

परीक्षेच्या चुका आणि त्यांचा हिशेब

व्यापाऱ्याला आकड्यांतून लवकर समजते, म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, कळपात ४०० हरणे आहेत आणि त्यांत १० रोगी आहेत. परीक्षा दहापैकी आठ रोगी पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी एकाला उगीच रोगी ठरवते, असे धरू. मग सूज आलेली जनावरे निघतील बारा. त्यांत आठ खरी रोगी आणि चार निर्दोष. आणि दोन रोगी जनावरे सही-सलामत कळपात परत जातील. म्हणजे मालकाचे चार जनावरांचे नुकसान झाले, आणि रोगही घरातच राहिला.

निर्दोष जनावर पकडले जाते, कारण निसर्गात क्षयाच्या जंतूचे दूरचे नातेवाईक बरेच आहेत. पक्ष्यांच्या क्षयाचा जंतू किंवा आतड्यांच्या जोन्स रोगाचा जंतू शरीरात असला तरी कातडी सुजू शकते. यावर तोड म्हणून मानेवर दोन जागी टोचतात. एका जागी गुरांच्या क्षयाचा अर्क, दुसऱ्या जागी पक्ष्यांच्या क्षयाचा. कोणती सूज मोठी, यावरून खरा अपराधी ओळखतात.

याच्या उलट, खरे रोगी जनावर निसटते त्याचीही दोन कारणे आहेत. संसर्ग अगदी ताजा असेल तर शरीराने अजून दखल घेतलेली नसते. आणि रोग फार पुढे गेला असेल तर शरीर थकून कातडीवर उत्तर देणेच सोडून देते. ही दुसरी तऱ्हा सर्वांत घातक. जे जनावर सर्वांत जास्त जंतू उधळते, तेच परीक्षेत साफ सुटते.

दुसरी परीक्षा : रक्ताची

ही त्रुटी भरून काढण्यासाठी १९८० च्या दशकात डनीडिन येथील ओटागो विद्यापीठात फ्रँक ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरणांसाठी रक्ताची परीक्षा तयार केली. तिच्यात दोन गोष्टी एकत्र पाहतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्षयाच्या अर्काला ओळखतात का, ही एक. आणि रक्तात त्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये आहेत का, ही दुसरी. रोग पुढे गेलेल्या जनावराची कातडी गप्प बसली तरी रक्तातली प्रतिद्रव्ये बहुधा त्याची चुगली करतात.

रक्ताच्या परीक्षेचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो, आणि यात मोठी अक्कल आहे. जिथे रोगाचा संशय कमी, तिथे फक्त सूज आलेल्या जनावरांचे रक्त तपासतात, म्हणजे निर्दोष जनावर सुरीखाली जात नाही. जिथे कळपात रोग नक्की आहे, तिथे सूज न आलेल्यांचेही रक्त तपासतात, म्हणजे लपलेला रोगी सुटत नाही. हत्यार तेच, परंतु एकीकडे ते मालकाचा माल वाचवते आणि दुसरीकडे त्याचा कळप.

तिसरी परीक्षा : कत्तलखान्यात

एवढे करूनही काही रोगी जनावरे सुटतात. त्यांना पकडणारी शेवटची चौकी म्हणजे कत्तलखाना. न्यूझीलंडच्या हरिण कत्तलखान्यांत प्रत्येक जनावराचे डोके, घशामागच्या गाठी, फुप्फुसे, छातीतल्या आणि आतड्यांजवळच्या गाठी तपासनीस पाहतो. संशयास्पद गाठ दिसली की तिचा तुकडा प्रयोगशाळेत जातो. जंतूची वाढ करून खात्री करण्यास कित्येक आठवडे लागतात, कारण तो हळू वाढतो. जंतू मिळाला तर त्याच्या जनुकांचा ठसा पाहून तो आसपासच्या पॉसमांतल्या जातीचा आहे की दूरच्या प्रदेशातून विकत आणलेल्या जनावराबरोबर आला, हेही सांगता येते.

परंतु या तपासणीला अर्थ येतो तो एकाच अटीवर. टेबलावरचे जनावर कोणाच्या कळपातून आले हे ठाऊक असले पाहिजे. नाहीतर रोग सापडला, पण घर सापडले नाही, अशी गत होते. म्हणूनच कानातला बिल्ला हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. न्यूझीलंडने २०१३ च्या मार्चपासून प्रत्येक पाळीव हरणाला इलेक्ट्रॉनिक बिल्ला आणि त्याच्या प्रत्येक स्थलांतराची नोंद सक्तीची केली. एका गाठीवरून मूळ कळप, तिथून विकलेली जनावरे आणि ती घेणारे सगळे शेतकरी, अशी साखळी मागे-पुढे उलगडता येते.

रोखण्याचे उपाय

पाळीव हरणांसाठी १९८५ मध्ये ऐच्छिक योजना सुरू झाली. १९९० पासून ती सक्तीची झाली. ती चालवणारे पशु आरोग्य मंडळ पुढे २०१३ मध्ये ऑस्प्री या संस्थेत सामील झाले. खर्चाचा बोजा सरकार आणि जनावरांचे मालक दोघेही उचलतात.

उपायांचा गाभा थोडक्यात असा. परीक्षेत दोषी ठरलेले जनावर कत्तलीस पाठवायचे. औषध देऊन बरे करण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण महिनोन्‌महिने उपचार करीत बसले तर तेवढा वेळ रोग पसरतच राहतो. ज्या कळपात रोग आहे त्यातले जनावर दुसऱ्या कळपात विकण्यास बंदी. ठरावीक अंतराने सबंध कळपाची परीक्षा घेत राहायची आणि लागोपाठ निर्दोष निकाल आल्याशिवाय बंदी उठवायची नाही. धोक्याच्या भागातून जनावर हलवण्याआधी त्याची परीक्षा. आणि कुंपणाबाहेर पॉसमांची संख्या विष, सापळे यांनी इतकी खाली आणायची की त्यांच्यात रोगच टिकू नये. विमानातून टाकलेल्या विषारी आमिषावरून तिथे आजही वाद आहेत. तथापि पॉसम आटोक्यात आल्याशिवाय कळप स्वच्छ राहत नाहीत, हा अनुभव आहे.

व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत बोलका उपाय म्हणजे कळपाचा दर्जा. प्रत्येक कळपाला अक्षर आणि आकडा मिळतो. ‘सी’ म्हणजे स्वच्छ आणि पुढचा आकडा किती वर्षे स्वच्छ आहे तो. ‘आय’ म्हणजे रोगग्रस्त. ‘सी १०’ कळपातले जनावर घेणारा निर्धास्तपणे घेतो. म्हणजे रोगमुक्तीलाच बाजारात पत मिळाली.

फळ काय मिळाले? १९९० च्या दशकाच्या मध्यात गुरे आणि हरणे मिळून सुमारे १,७०० कळप रोगग्रस्त होते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा काही डझनांवर आला आहे. २०१६ मध्ये आखलेल्या योजनेत २०५५ पर्यंत हा रोग देशातूनच नाहीसा करण्याचे ध्येय ठेवले आहे. काम लांबचे आहे, परंतु दिशा स्पष्ट आहे.

माणसाला धोका

हा रोग माणसालाही होतो. १९९० मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात पाळीव वापिती हरणांत क्षय निघाला. त्यांच्या संपर्कात आलेल्यांची तपासणी केली तेव्हा अनेकांना संसर्ग झाल्याचे दिसले. गोठ्यात, कत्तलखान्यात आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना धोका जास्त. न उकळलेले दूध हा तर जुना आणि ठाऊक असलेला मार्ग आहे. शिवाय क्षयावरच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध या जंतूवर चालत नाही. सबब अशा कामातल्या माणसाने डॉक्टरकडे जाताना आपला धंदा कोणता, हे आधी सांगावे.

आमच्या धंद्याने काय घ्यावे

या सगळ्या हकिकतीतून आम्हांला एक गोष्ट ठळक दिसते. नजरेला न दिसणारा रोग नोंदीला दिसतो. न्यूझीलंडमध्ये रोग पसरला तो बेहिशेबी देवघेवीने, आणि आटोक्यात आला तो प्रत्येक जनावराच्या हिशेबाने. आमच्याकडे हरणे नाहीत, परंतु म्हशी, रेडे, शेळ्या आहेत, तबेले आहेत, दलाल आहेत, ट्रक आहेत. इथेही जनावर चार हात बदलून येते आणि पहिल्या हाताचे नाव कोणी विचारत नाही.

सबब आमची व्यापारी बांधवांना काही सूचना आहे. जनावर घेताना ते कुठल्या गावातून, कोणाच्या गोठ्यातून आले ते वहीत लिहून ठेवावे. नवे जनावर जुन्यांत लगेच मिसळू नये. कापताना घशामागे, फुप्फुसांजवळ पुवाची वा कडक गाठ दिसली तर ती छाटून टाकून बाकीचा माल विकण्याचा मोह आवरावा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावी आणि तो सांगेल तसे करावे. कापण्याची रीत बिनचूक असणे ही एक गोष्ट झाली, जनावर निरोगी असणे ही दुसरी. गिऱ्हाईक दोन्हींचा भरवसा धरून पैसे मोजत असते. हाताला जखम असेल तर हातमोजा घालावा. दूध उकळूनच घ्यावे आणि द्यावे. कारागिराला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्याला कामावर रेटू नये. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

एक गाठ लपवली तर त्या दिवसाचे नुकसान वाचते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या गाठीबरोबर तो गोठाही लपतो आणि उद्या त्याच गोठ्यातून दुसरे जनावर आपल्याच दारात येते. ज्याने गाठ दाखवली त्याने एका दिवसाचा तोटा सोसला. ज्याने लपवली त्याने तो तोटा उधारीवर घेतला. उधारी कधी ना कधी चुकवावी लागते आणि ती व्याजासह, हे व्यापाऱ्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.